तीन अर्धे तास

पावणेसातला फोन वाजला तेव्हा ती मालधक्क्याच्या केबिनचं कुलूप उघडत होती. फोन कुणाचा ते बघायची गरज नव्हती. या वेळेला जगात एकच माणूस तिला फोन करत असे, आणि तो माणूस शंभर पावलांवरच्या खिडकीत बसलेला असे.

"छकुले, तीन," मावशी म्हणाली.

"मावशी, मी आत्ताच येतेय गं, अजून बॅगसुद्धा—"

"तीन ट्रक. पहिल्याचं इंजिन पाऊण तास चालू आहे. माझ्या कपाटातल्या बशा वाजतायत. ऐकवू?"

आणि मावशीने खरंच फोन कपाटाशी नेला. बशा वाजत होत्या.

शॉपिंग सेंटरच्या मागच्या फाटकाकडे जायला एकच गल्ली होती. एका बाजूला सेंटरची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला ओळीने अकरा घरं. गल्लीतल्या लोकांशी सेंटरने लेखी ठरवलं होतं की सकाळी सातच्या आत गल्लीत ट्रक येणार नाही. सातला फाटक उघडायचं, अर्धा तास धक्का धुतला जायचा आणि साडेसातपासून दर वीस मिनिटांनी एक ट्रक आत. हे वेळापत्रक तिने स्वतः बसवलं होतं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर मालधक्का तिच्या ताब्यात आला होता, आणि वेळापत्रकाचा तक्ता तिने चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. तक्त्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती गल्लीत, इंजिन चालू ठेवून उभी.

ती तरातरा बाहेर गेली. सगळ्यात पुढे फ्रीजरचा ट्रक. त्याच्या ड्रायव्हरला सगळे बर्फकाका म्हणत. काका स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचत बसले होते.

"काका, तुमचा नंबर साडेसातचा. आत्ता किती वाजलेत?"

"उशिरापेक्षा लवकर बरं ना, मॅडम."

"आणि इंजिन?"

"बंद केलं तर आतलं आइस्क्रीम सरबत होईल. मग ते प्यायला तुम्ही याल का?"

मागच्या बेकरीच्या ट्रकमधून कुणीतरी हसलं. तिने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्ही? पाव काही वितळत नाही."

"मॅडम, दहा मिनिटं उशीर झाला की तुम्हीच नंबर शेवटी टाकता. एकदा अकरा वाजेपर्यंत बसवलं होतंत मला. पाव पार टोस्ट झाला."

हे खरं होतं. तो नियम तिचाच होता. ती म्हणाली, "पुढे घ्या जरा, असे दारात ठाण मांडून उभे राहू नका," आणि मग बर्फकाकांनी आज्ञाधारकपणे ट्रक दोन हात पुढे घेतला, तो जास्त झाला म्हणून मागे घेतला, आणि मागे घेताना तो जो टीं-टीं-टीं वाजायला लागला, त्याने अकराच्या अकरा घरांतले दिवे लागले.

दुपारी सेंटरच्या साहेबांनी बोलावलं. साहेब ओरडणारे नव्हते. ते फक्त कागद पुढे सरकवत. पालिकेचा कागद होता. गल्लीतून आलेल्या दोन तक्रारी नोंदवल्या गेल्या आहेत. तिसरी आली की मागचं फाटक ट्रकसाठी कायमचं बंद.

"फाटक बंद म्हणजे धक्का बंद," साहेब म्हणाले. "माल पुढच्या दाराने हातगाड्यांवर आणावा लागेल. आणि धक्काच नसेल तर धक्क्याला व्यवस्थापक कशाला, हे मला वरचे विचारणार. मी काय सांगू?"

तिने कागद उचलला. दोन्ही तक्रारींवर सही मावशीची होती. अक्षरसुद्धा तेच, तिच्या शाळेच्या प्रयोगवहीत लाल शाईने "निरीक्षण अपुरे" असं लिहिणारं.

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. आई गेल्यावर ती याच घरात वाढली होती. मावशी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती, आणि आता तिच्यापाशी शिकवायला फक्त गल्ली उरली होती.

"चहा घेणार की भांडणार?" मावशीने विचारलं.

"दोन्ही."

"मग बस. आधी चहा, भांडताना तो गार होतो."

"मावशी, तू माझी नोकरी घालवणार आहेस, कळतंय का तुला? तिसरी तक्रार गेली की मी घरी."

"आणि मी? मी कुठे आहे? मी तर घरातच आहे! पहाटेपासून घरात ट्रक आहे माझ्या." मावशीने कप आदळला नाही, पण ठेवला जरा जोरात. "खालच्या मजल्यावरची बाळंतीण रडायला आलीय. समोरचे आजोबा रात्री गोळी घेऊन झोपतात आणि सकाळी तुझा तो बर्फवाला त्यांना उठवतो. मी तुझी मावशी आहे म्हणून त्या सगळ्यांनी काय, गप्प बसायचं? शुक्रवारी दहाला मी पालिकेत जाणार. तोवर तुला जे करायचं ते कर. नात्यात मुदत दिलीय, दुसऱ्या कुणाला दिली नसती."

"बरं, पुरावा काय तुझ्याकडे?"

हे विचारायला नको होतं. मावशी उठली आणि शंभर पानी वही घेऊन आली. तारीख, ट्रकचा नंबर, आला किती वाजता, इंजिन किती मिनिटं चालू, मागे घेताना किती वेळा वाजला. रकाने पट्टीने आखलेले. सात आठवडे, एकही दिवस चुकलेला नाही. ड्रायव्हर लोक मावशीला घड्याळबाई का म्हणतात ते तिला आता कळलं. तिच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये ट्रक फाटकातून आत आल्याची वेळ असे. गल्लीत आल्याची वेळ कुणीच लिहीत नव्हतं.

चिडचिड बाजूला राहिली. नोंदी चांगल्या असल्या की तिला राहवत नसे. तिने बॅगेतून पेन काढलं आणि वहीतल्या वेळांसमोर आपल्या तक्त्यातल्या वेळा लिहायला लागली. फ्रीजर: वहीत सहा दहा, तक्त्यात साडेसात. बेकरी: साडेसहा, सात पन्नास. साबणवाला: सहा पन्नास, आठ दहा. फरक प्रत्येक वेळी ऐंशी मिनिटं, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. बेशिस्त माणसं इतक्या शिस्तीत लवकर येत नाहीत.

"मावशी, ऐंशीच का? ऐंशी हा काय आकडा आहे?"

 मावशीने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भाचीनेही पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. लहानपणापासून. शाळेला उशीर होऊ नये म्हणून मावशीने ते पुढे केलं होतं, आणि घरातलं शेंबडं पोरसुद्धा ते पाहून मनात दहा मिनिटं वजा करत असे, त्यामुळे शाळेला उशीर व्हायचा तेवढा होतच असे.

म्हणजे फरक ऐंशीचा नाही, नव्वदचा. दीड तास. तीन अर्धे तास.

पहिला अर्धा तास कुठला ते तिला लगेच कळलं. तिने बर्फकाकांना फोन लावला.

"काका, उद्या तुम्हाला तुमच्या कंपनीच्या ऑफिसने किती वाजता बोलावलंय?"

"साडेसहाला. नेहमीचंच."

"मग तुम्ही सहाला का येता?"

"आता साडेसहाचे साडेसहा कोण धरतं, मॅडम? हाताशी अर्धा तास नको?"

"आणि ऑफिस साडेसहा का सांगतं? मी तर त्यांना सात कळवते."

"त्यांनाही हाताशी अर्धा तास नको?" काका समजुतीने म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पण मॅडम, तक्त्यात तर साडेसात आहे. तुम्ही त्यांना सात का कळवता?"

तिने फोन ठेवला. मावशी तिच्याकडे बघत होती. प्रयोग फसलेल्या मुलीकडे बघायची तशी, घाई न करता.

"बोल."

"पहिला अर्धा तास माझा आहे," ती म्हणाली. "उशीर नको म्हणून मी कळवतानाच अर्धा तास आधीची वेळ कळवते. पुढे प्रत्येकजण आपापला घालतो. आपल्या घरात घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे वजा करायचे. इथे कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळे आणखी घालतात."

"कुणाची शिष्या!" मावशी म्हणाली. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते तिने मोजलं नाही.

बुधवारचा अख्खा दिवस फोनवर गेला. ती सगळ्यांना खरी वेळ सांगू लागली, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर कुणीच विश्वास ठेवत नाही, याचा अनुभव घेऊ लागली.

"साडेसातपासून म्हणजे खरे साडेसात की मॅडमचे साडेसात?" साबणवाल्याने विचारलं.

"खरे."

"म्हणजे सातला येऊ?"

"साडेसातला! म्हणजे, तुमचे आठ दहा!"

"बघा, आता आठ दहा म्हणताय. आधी एक ठरवा."

गुरुवारी फ्रीजर आणि साबण वेळेवर आले, आणि बेकरीचा ट्रक सहा वीसला दारात हजर. त्याच्या ऑफिसातल्या बाईंनी सवयीने अर्धा तास कापला होता, आणि मॅडम काहीतरी गडबडीत आहेत असं ऐकल्यामुळे काळजीपोटी आणखी अर्धा. ड्रायव्हरचा स्वतःचा अर्धा होताच. शंभर पावलांवरच्या खिडकीचा पडदा हलला. तिला वाटलं, तक्ता चौकटीसकट उचलून आपटावा.

तो तिने उचलला खरा, पण आपटला नाही. उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन नियम लिहिला. उशिराची शिक्षा रद्द. ट्रकने हायवेलगतच्या वाहनतळावर थांबायचं, तिथून गल्ली बारा मिनिटांवर. धक्का रिकामा होत आला की ती स्वतः ड्रायव्हरला फोन करणार, आणि फोन आल्याशिवाय कुणी चाक हलवायचं नाही. वेळ नाहीच, तर आधीची वेळ तरी कुठून आणणार?

"म्हणजे आम्ही तिथे झोपलो तरी चालेल?" बर्फकाकांनी विचारलं.

"घोरा खुशाल. तिथे घरं नाहीत."

शुक्रवारी तिला पाचलाच जाग आली. आज नियम कुणी मोडला तर मोडणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवायचं, म्हणून ती अंधारात निघाली. गल्लीत शुकशुकाट होता. काचेवर धुकं बसत होतं, म्हणून तिने गाडीतला पंखा चालू ठेवला आणि रस्त्यावर डोळे लावून बसली. सव्वासहा झाले. कुणी आलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती केबिन उघडायला गेली.

सात अठराला तिने पहिला फोन केला. साडेसातला बर्फकाका आले, एका दमात आत वळले. मग बेकरी, मग साबण. गल्लीत एका वेळी एकापेक्षा जास्त ट्रक दिसला नाही.

साडेनवाला ती मावशीकडे गेली. मावशी बाहेर जायच्या कपड्यांत बसली होती. हातात पर्स, मांडीवर वही.

"आज काही नाही ना?" तिने विचारलं. आवाज नको तितका वर गेला.

"ट्रक नाही," मावशी म्हणाली. "सातच्या आत एकही नाही. वेळेवर आले, गेले. बाळंतीण झोपली, आजोबा झोपले." तिने चष्मा नीट केला. "नोंद मात्र एक आहे. वाचू? सहा दहा. लहान गाडी, लाल. इंजिन चालू, अठरा मिनिटं."

तिने सवयीने मनात दहा मिनिटं वजा केली. सहा दहा म्हणजे खरे सहा. लाल गाडी गल्लीत एकाच माणसाची येत असे.

"मावशी, मी... उशीर नको म्हणून जरा आधी—"

"ते मला माहीत आहे. मीच वाढवलंय तुला." मावशीने पर्स बाजूला ठेवली, उठून स्टूल भिंतीशी ओढलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. तू चढ, आणि ते घड्याळ दहा मिनिटं मागे घे. मग चहा पिऊ."

"आणि पालिका?"

"आता काय पालिकेत जाऊ? भाचीची तक्रार द्यायला?" मावशी स्टूल धरून उभी राहिली. "चढ लवकर. उशीर होतोय."