हिरवी-पिवळी वायर

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची कोणती चूक कोणत्या तारखेची, हे मला विचारावं. बारा वर्षं सेक्रेटरी आहे मी. दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबाई कुंड्यांना पाणी घालतात ते खालच्यांच्या चादरींवर. तळमजल्याचा यज्ञेश कचऱ्याची पिशवी शेजाऱ्याच्या दाराकडे पायाने सरकवतो. सगळं डायरीत आहे. फक्त एक चूक त्यात नाही, आणि रविवारी सकाळी लवू माणगावकर पार्किंगमध्ये उकिडवा बसून नेमकी तीच शोधत होता.

लवू माझा समोरचा शेजारी. मुलुंडलाच एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. त्याची मोटरसायकल अठरा वर्षांची, त्यातली शेवटची तीन वर्षं ताडपत्रीखाली. आता त्याच्या मुलीला, श्रुतिकाला, नोकरी लागली, लायसन्स आलं, आणि तिला हीच गाडी हवी होती.

"मधूभाऊ, वायच हा बल्ब धरा," लवू म्हणाला.

धरला. इंडिकेटरचा छोटा बल्ब, त्याला दोन तारा जोडलेल्या. एक टोक गाडीच्या लोखंडाला, दुसरं हव्या त्या वायरीला. करंट असेल तिथे बल्ब पेटणार. साधी पद्धत. खोटं बोलायला वाव नसलेली.

"बाबा, मागचा दिवा तर लागतोय," श्रुतिका म्हणाली. "मग ब्रेकचाच का नाही?"

"वायरी वेगळ्या असतात गो. बल्ब नवा, काच नवी. म्हणजे करंटच पोचत नाय. खंयतरी सुटलेली असणार."

कुठे सुटली होती ते मला माहीत होतं. उजव्या बाजूचं कव्हर काढलं की बॅटरीमागे.

तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला मी लवूची गाडी झेंडू आणायला मागून नेली होती. दुसऱ्याची गाडी पूजेच्या दिवशी मळकी परत कशी द्यायची, म्हणून धुतली. पाइपने. आणि 'गाड्या धुताना पाइप वापरू नये' ही नोटीस त्याच आठवड्यात माझ्या सहीने लागलेली. ब्रेकच्या स्विचमध्ये पाणी गेलं नि ब्रेकलाइट पेटला तो विझेचना. लवूने बघितलं असतं तर विचारलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं की सेक्रेटरीनेच पाइप लावला. म्हणून मी हिरवी-पिवळी वायर खेचून सोडवली, दुमडली, फाइल बांधायच्या पांढऱ्या फितीने वर बांधून टाकली. वाळलं की उद्या जोडू. मग गाडीला हार घातला आणि चावी परत दिली.

उद्या आला नाही. अकराव्या दिवशी चेकनाक्याच्या सिग्नलला लवूने ब्रेक मारला आणि मागून टेम्पोने ठोकलं. मागे लवूची बायको, मालनवहिनी, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. डावा घोटा मोडला. टेम्पोवाला पोलीस चौकीत ओरडत होता, "हा अचानक थांबला, मला काही दिसलंच नाही." आणि लवू खाली मान घालून म्हणाला, "हां, माझाच ब्रेक जोरात लागला." मी त्याच्या शेजारच्या बाकड्यावर वहिनींची पर्स सांभाळत बसलो होतो. वायर मला तिथेच आठवली. मागच्या दिव्याचा तर चुरा झाला होता, कोणाला कशाला शंका येतेय.

"शोधा, शोधा." वहिनी चहा घेऊन खाली आल्या. पाऊल अजून जरा ओढतात. "ब्रेक कसा मारायचा, तेही सापडतंय का बघा."

हे तीन वर्षं चाललंय. लग्न असो, बारसं असो, साडी चार बोटं वर घेऊन घोटा दाखवायचा नि सांगायचं, ही ह्यांच्या ब्रेकची आठवण. लवू तेवढ्या वेळात चपलेचा अंगठा बघतो. आणि मला दर भाऊबीजेला करंज्यांचं ताट येतं, कारण हॉस्पिटलात पहिल्या रात्री मी थांबलो होतो.

"भावजी, तुम्हीच सांगा पोरीला," वहिनी म्हणाल्या. "बापाच्या हातात होती तर हे झालं. हिच्या हातात काय होईल?"

"आई, बाबांच्या चुकीचा दंड मी का भरू?" श्रुतिका म्हणाली.

लवू कव्हरचा स्क्रू फिरवत राहिला.

कव्हर निघालं. त्याने दोन बोटं बॅटरीमागे घातली आणि थांबला. बोटांनीच चाचपत होता. मग वाकून बघितलं. फीत मळून चहाच्या रंगाची झाली होती, पण गाठ माझी होती. सोसायटीच्या प्रत्येक फाइलवर असते तशी, दोन वेढे आणि एक फास. लवू सोसायटीच्या कमिटीवर पाच वर्षं आहे. त्या गाठी सोडवताना मला शिव्या घालणारा तोच.

त्याने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एखादा नट कितीचा आहे ते बघावं एवढंच. मग फीत ओढून मुठीत घेतली.

"उंदरान कुरतडल्यान," तो म्हणाला. "ब्रेकलाइट लागतच नव्हता म्हणजे."

वहिनींच्या हातातला ट्रे कलला. "म्हणजे टेम्पोवाल्याला दिसलंच नव्हतं? तुमची चूक नव्हती?"

"नसात."

"आणि मी तीन वर्षं..."

"तू बोलताना मधी जागा खंय होती?"

श्रुतिका हसली, वहिनीही डोळे पुसत हसल्या. "भावजी, सेक्रेटरी ना तुम्ही? उंदरांना एक नोटीस लावा."

सगळं फिटलं होतं. लवू सुटला, पोरीला गाडी मिळाली, दोष उंदरावर गेला. मी फक्त चहा प्यायचा होता. कप उचलला. तोंडाशी नेला आणि परत ठेवला.

"उंदीर नव्हता वहिनी," मी म्हणालो. "मी काढली होती. खंडेनवमीला. पाइपने धुतली होती गाडी."

पुढचंही सांगितलं, चौकीतल्या बाकड्यासकट. लवू मूठ मिटून बसला होता. मुठीतून फितीचं टोक लोंबत होतं.

वहिनींनी माझ्या हातांकडे बघितलं. मग लवूला म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता कळलं ना? तरी उंदीर सांगितलात?"

"करंज्या बंद झाल्या असत्या त्यांच्या," लवू म्हणाला. हसलं कोणी नाही. त्याने वायर माझ्या हातात दिली. "जोडा."

दोन टोकं एकमेकांत सरकवायला मला चार खेपा लागल्या. श्रुतिकाने चावी फिरवली. वहिनी पलीकडून आल्या, सीटला धरून उभ्या राहिल्या आणि चप्पल काढून डावं पाऊल, तेच, ब्रेकवर ठेवलं.

"मागे जाऊन उभे राहा, भावजी."

गेलो.

त्यांनी दाबलं. लाल उजेड माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"नीट बघा," वहिनी म्हणाल्या. "मी धरलाय दाबून."