गवंड्याची बोंब

मुलांनो, कल्पना करा की तुमच्या श्वासनळीत एक गवंडी राहतो. धुळीने आतल्या डीएनएचं एखादं अक्षर बिघडलं, की तो धावत येऊन ते उपटून काढतो. काम चोख. पण उपटलेला तुकडा हातात धरून तो अशी बोंब ठोकतो, की मदतीला सगळं गाव लोटतं, नळी सुजते आणि श्वासालाच वाट उरत नाही.

हा गवंडी म्हणजे दुरुस्ती करणारं एक एन्झाइम. कार्ताहेना शहरातल्या अ‍ॅलर्जी संस्थेत डॉक्टर एडेलमिरा त्याचाच अभ्यास करत आणि घरीही त्याला गवंडीच म्हणत. उंदरांत त्याला जरा गप्प बसवलं, की सूज कमी येई. त्यांची मुलगी युरानिस दम्याची. तरी ती वर्षभर खपून गाईता, म्हणजे हाताएवढा लांब पावा, शिकली होती. आज संस्थेत भरलेल्या डॉक्टरांच्या परिषदेच्या उद्घाटनाला ती वाजवणार होती.

संचालक अन्सेल्मो यांनी धुळीतल्या, दमा उठवणाऱ्या बारीक किड्यांवर जन्मभर व्याख्यानं दिलेली. पाहुण्यांच्या मानासाठी त्यांनी कोठीतला जुना लाल गालिचा सभागृहात अंथरला.

"साहेब, यात किडे असतील हो," एडेलमिरा म्हणाल्या.

"अहो बाई, किडे दुपारच्या सत्रात आहेत!"

युरानिसने वाजवायला श्वास ओढला आणि छातीतूनच शिट्टी वाजली.

"पोर गुदमरली! डॉक्टर! कुणी डॉक्टर आहे का?" अन्सेल्मो ओरडले.

सभागृहात दुसरं होतं कोण? सगळेच उठले. एकाने मनगट धरलं, एकाने कार्यक्रमपत्रिकेने वारा घातला.

"हे एन्झाइममुळेच!"

"तुमच्या उंदरांत असेल. आमचे उंदीर असं करत नाहीत!"

इतक्या बुटांखाली गालिचा आणखीच धूळ सोडू लागला. औषधाचा पंप घेऊन आलेली आई मागेच अडकली.

"आईच्या... गवंड्यासारखं... करू नका ना!" युरानिस धापा टाकत म्हणाली. ऐकतो कोण? शेवटी गाईता छातीशी धरून ती टेबलाखालून सरपटत दाराशी पोचली. आईही वळसा घालून तिथेच आली आणि तिने पंप तिच्या तोंडाला लावला.

"सावकाश ओढ, माझी राणी."

अंगणातल्या बदामाखाली दोघी बराच वेळ बसल्या. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली. आत रिकाम्या जागेभोवती वाद रंगात आला होता.

"मुलगी कुठे गेली?" अन्सेल्मोंनी विचारलं.

"थांबा हो, आधी कारण ठरू द्या!"

युरानिस उठली, तिने सभागृहाचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि गाईता ओठांना लावली.