न विचारता उघडलेली पाने

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. तुम्ही संगणकावर जी खिडकी उघडून जगभरची पाने बघता, ती खिडकी म्हणजे मी. माझा मुक्काम शिंपीकाकांच्या दुकानात, दोऱ्यांच्या रिळांशेजारच्या संगणकात. स्वभावाने मी अस्वस्थ. दहा पाने उघडी असली की मला अकराव्याची काळजी लागते.

मला घडवणाऱ्यांनी बजावले होते की अचानक वीज गेली, तर आधीची सगळी पाने पुन्हा जिथल्या तिथे उघडून द्यायची. या गुणाचे फार कौतुक झाले. "याच्या डोक्यातून काही म्हणजे काही जात नाही," असे काका गिऱ्हाइकांना सांगत. कॉलरचे नमुने, लेकीच्या कॉलेजचे फॉर्म, सगळे मी सांभाळले आणि फुशारून गेलो.

मग गेल्या वर्षी काकांचा बाण थरथरू लागला. पडद्यावरचा तो छोटा बाण पूर्वी सुईच्या टोकासारखा नेमका बसायचा. दुपारी दुकानात कोणी नसले की काका मला विचारत, 'हात का थरथरतात?' पुढे 'थरथरत्या हातांनी शिवता येते का?' आणि एके दिवशी 'जुने शिवणयंत्र विकणे'. हे लेकीला कळू द्यायचे नव्हते. आठ दिवसांनी ती दूरच्या शहरात शिकायला जाणार होती. कळले असते तर तिने पाऊल उचलले नसते.

त्याच दिवशी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. काका पान बंद करायच्या फुलीकडे बाण नेऊ लागले. तो डावीकडे जाई, उजवीकडे जाई, फुलीवर काही टेकेना. शेवटी त्यांनी भिंतीवरचे बटणच बंद केले.

लेकीला प्रवेशाचे पत्र छापायचे होते. तिने बटण दाबले. मला वाटले, वीज गेली होती! काकांची पाने बुडाली! मी घाईघाईने सगळी तिच्यासमोर मांडली.

"बाबा, हे काय आहे?"

काका मापाची टेप गुंडाळत राहिले. "तुझ्यासाठी नव्हतं ते."

"मग बंद का नाही केलंत?"

"करत होतो की. ती फुली फार बारीक आहे गं. बाण टेकतच नाही."

तिने त्यांचा हात हातात घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मी जात नाही," ती म्हणाली.

"मग मीही डॉक्टरांकडे जात नाही. तू गेलीस तर जाईन."

"आधी डॉक्टर. उद्याच. मग मी."

दोघेही हट्टी, दोघांनीही शब्द पाळला. निघण्याआधी लेकीने माझी अक्षरे मोठी केली आणि मला एक प्रश्न विचारायला लावले: आधीची पाने उघडू का? खाली दोन ठळक उत्तरे, 'उघड' आणि 'राहू दे'. "काय परत आणायचं ते आता तुम्ही ठरवा, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही ब्राउझरला एकदा सांगून ठेवा. आम्ही इमानी असतो, पण कोणाला काय लपवायचे आहे, हे आम्हाला कळत नाही.

आता रोज सकाळी मी विचारतो. काकांचा बाण दोन उत्तरांच्या मध्ये थरथरत फिरतो. थांबणे मला अजून नीटसे जमत नाही, पण मी थांबतो.