आत्याचं धान

"बाई, हे धान आत नेता येत नाई," तुलाराम म्हणाला, आणि आपण हे कोणाला बोललो, हे त्याचं त्यालाच कळेना.

ऑटोत बसलेली शेवंताबाई त्याची थोरली सख्खी बहीण. नदीपलीकडे, मध्यप्रदेशात दिलेली. पायाशी न कांडलेल्या धानाचे दोन भरलेले कट्टे ठेवून ती भाचीच्या, म्हणजे तुलारामच्या लेकीच्या, करुणाच्या लग्नाला निघाली होती.

"नेता येत नाई म्हंजे? तुह्याच घरी नेऊन राहिली ना मी."

तुलाराम मूळचा गोदामातला कारकून. पलीकडचं धान इकडच्या सरकारी खरेदी केंद्रावर जास्त भावाने विकलं जाऊ नये म्हणून नदीकाठच्या बपेऱ्याजवळ नाका बसवला, आणि सरळ माणूस म्हणून साहेबांनी याला तिथे पाठवलं. असली कामं सरळ माणसाच्याच गळ्यात पडतात. वीस दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून काढले होते. कालच मोतीलाल नावाच्या म्हाताऱ्याला एका कट्ट्यासकट परत पाठवलं होतं. "घरी खायले नेतो गा," म्हातारा परोपरीने सांगत होता. तुलारामने त्याला धानबंदीचा आदेश वाचून दाखवला होता.

आता तोच आदेश त्याने स्वतःसाठी वाचला. दोनदा वाचला. त्यात धान होतं, आत्या कुठेच नव्हती.

त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नघरात पहिलं कांडण आत्याच्या शेतातल्या धानाचं. बाया उखळाभोवती जमून गाणी म्हणणार, धान कांडणार आणि त्याच तांदळाच्या अक्षता होणार. आत्याने तयार तांदूळ आणला तर कांडायचं काय, डोंबल?

"माह्या लग्नात आपल्या आत्यानं असंच आणलं होतं," शेवंताबाई म्हणाली. "तवा कोनी अडवलं नाई. काहून घाबरून राहिला?"

तुलारामने साहेबांना फोन लावला. "घरचंच लग्न आहे, साहेब..." "तुमचं तुम्हीच ठरवा, तुलारामजी," म्हणून साहेब मोकळे झाले. नाक्यावरचा पोलीस निकेश उगाच दुसरीकडे बघू लागला. सोडलं, तर कालच्या म्हाताऱ्याने काय पाप केलं होतं? अडवलं, तर घरी लेकीला काय सांगायचं? आई गेल्यावर जिने कडेवर घेऊन वाढवलं, तिच्यापुढे तो पावतीपुस्तक उघडून उभा होता.

"काल एकाले अडवलं, बाई. आज तुले कसा सोडू?"

शेवंताबाईचं हसू गेलं. "मंग तांदूळ चालते का?"

"तांदळाले मनाई नाई," तो पटकन बोलून गेला. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. मग वाटलं, हे आपण काय बोलून बसलो?

ऑटो माघारी गेला. दुपार कलता कलता परत आला. गिरणीतून काढून आणलेला तांदूळ अजून कोमट होता. शेवंताबाईने कट्ट्याचं तोंड स्वतः सोडलं आणि बाजूला उभी राहिली.

"पाहून घ्या, साहेब."

"असी काहून बोलतेस वो, बाई?"

"सही कुठी करू?"

तांदळाला सही लागतच नव्हती. तरी तिने वहीत केली, एकेक अक्षर जुळवत. ती अक्षरं ती त्याच्याच पाटीवर शिकली होती.

"चाल ना घरी. करुणा वाट पाहून राहिली."

"कांडणच नाई, तं आत्या कायले पाह्यजे? पोरीले माहा आशीर्वाद सांग."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तुलारामने पाय धरले असते, रडला असता, काहीतरी केलं असतं. ऑटोवाल्याने तांदूळ रस्त्याच्या कडेला उतरवला आणि ऑटो नदीकडे वळवला. तुलारामला फार वाईट वाटत होतं. आपलं नेमकं कुठे चुकलं, ते मात्र काही केल्या सापडत नव्हतं.

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि कागद पुढे केला. तुलाराम तो वाचू लागला. कागद उलटा धरलाय, हे बराच वेळ त्याच्या लक्षात आलं नाही.