पसंतीक्रमात एकच गाव

अनसूयाबाईंनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याची नाही, सासूची नाही आणि औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या मसाला कांडपाच्या दुकानात तिखट जाडं निघालं म्हणून गिऱ्हाइकाची तर नाहीच नाही. "माझी मशीन बरी हाय. तुमची मिरचीच ओली," म्हणून मोकळ्या व्हायच्या. अशा बाईच्या हातून नातीचं एक अख्खं वर्ष वाया गेलं होतं, आणि ते बाहेरच्या कुणाला ठाऊक असेल तर फक्त कॉम्प्युटरवर फॉर्म भरून देणाऱ्या केयूरला.

झालं होतं असं. मागच्या साली ओवीला नीटमध्ये चांगले मार्क पडले. डॉक्टरकीच्या कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला आजी-नात केयूरच्या दुकानात बसल्या.

"आजी, सरकारी कॉलेजं सगळीच टाकू," केयूर म्हणाला. "वरून खाली, जिथं नंबर लागेल तिथं लागेल."

"घरापाशी कॉलेज असताना पोरगी परमुलखात कशाला? एकच लिही. संभाजीनगर. बाकीचं राहू दे कोरं."

"पण आजी..."

"तू फॉर्म भरतोस का मला अक्कल शिकवतोस?"

केयूरनं एकच नाव टाकलं. ओवीचा बाप लक्ष्मण बिडकीनच्या कंपनीत मोठा सुपरवायझर असला, तरी घरात आईपुढं त्याचंही चालत नव्हतं, तिथं ओवी काय बोलणार? पहिल्या फेरीत नाही तर दुसऱ्या, दुसऱ्या नाही तर तिसऱ्या, असं म्हणत बाईंनी तिन्ही फेऱ्यांना तेच एक नाव लिहायला लावलं. ते चार मार्कांनी हुकलं. आणि ओवीपेक्षा कमी मार्कांची पोरं गोंदियाला डॉक्टर व्हायला गेली.

शिळी भाकर तरी दुसऱ्या दिवशी कुस्करून खाता येते, नीटचे मार्क पुढच्या साली चालत नाहीत. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. गल्लीत बाईंनी सांगून टाकलं, "ओवीला मार्क कमी पडले." ओवीनं ते मुकाट ऐकून घेतलं आणि परत पुस्तकं उघडली. पोरीच्या अभ्यासात आवाज नको म्हणून अनसूयाबाईंनी वर्षभर दुपारी दोन ते पाच मशीन बंद ठेवली. गिऱ्हाइकं कुरकुरली, ती त्यांनी झाडून काढली. पण 'चुकले' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

यंदा ओवीचे मार्क वाढले. दोघी पुन्हा केयूरच्या दुकानात बसल्या, तेव्हा तो म्हणाला, "वाढलेत, पण सगळ्यांचेच वाढलेत, आजी. घरापाशी लागेल असं मी सांगू शकत नाही."

ओवीनं आजीकडं बघितलं. "पहिलं संभाजीनगर टाक, दादा," म्हणाली आणि थांबली. पुढचं नाव घ्यायची तिची हिंमत होईना.

तेवढ्यात सारजाबाई आत आल्या. अनसूयाबाईंच्या शेजारचं घर त्यांचं, आणि गल्लीची बातमी त्यांच्याच दारातून निघायची. नातीच्या, संस्कृतीच्या स्कॉलरशिपचं काम होतं त्यांचं.

"काय गं ओवी, यंदा तरी पडले का मार्क? मागच्या साली लई कमी पडले ना! असू दे बाई, सगळ्यांची डोकी सारखी नसतात. आमच्या संस्कृतीनं बघ, गुमान फार्मसी घेतली."

ओवीची मान खाली गेली. अनसूयाबाईंच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं. सारजाबाई आठ दिवस गल्लीत दिसल्या नसत्या, असं. पण ते बोलायचं तर पुन्हा त्याच खोट्यावर उभं राहून बोलायचं होतं.

"सारजाबाई, पोरीला मार्क कमी नव्हते पडले," त्या म्हणाल्या. "गोंदियाला नंबर लागत होता. मीच लिहू दिलं नाय. माझ्या हेक्यापायी तिचं वर्ष गेलं. मी चुकले. मार्क कमी पडल्याचं जसं घरोघर सांगितलंत, तसं आता हेही सांगा."

"अगं बाई! व्हय?" सारजाबाई म्हणाल्या.

"आजी, कशाला..." ओवी पुटपुटली. डोळे भरले होते तिचे.

"गप. रडायचं घरी. केयूर, किती रे सरकारी कॉलेजं?"

"चाळीसेक असतील."

"सगळी लिही."

"सिंधुदुर्गसुद्धा?"

"समुद्रात असलं तरी लिही. अन् कुठलं आधी, कुठलं मागनं, ते तिला विचार. डॉक्टर मी होणार हाय का?"

ओवीनं पुन्हा आजीकडं बघितलं.

"माझ्या तोंडाकडं नको बघू, त्या पडद्याकडं बघ."

ओवी डोळे पुसत हसली. "मग दादा, पहिलं नागपूर टाक."

अनसूयाबाईंना कुठंतरी बारीक टोचलं. म्हणजे पोरीच्या मनात नागपूर होतं तर! पण त्यांनी मानेनंच केयूरला 'टाक' म्हणून खुणावलं.

पहिल्याच यादीत ओवीला चंद्रपूर मिळालं. ओवी दुकानात धावत आली, तर बाईंनी मशीन थांबवून आधी गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं, मग पोरीला जवळ घेतलं. पुऱ्या गल्लीला कळायला पाव तासही लागला नाही. सारजाबाईंचं काम त्यांनी स्वतःच केलं.

"चंद्रपूर म्हणजे लई लांब गं अनसूयाबाई," सारजाबाई पेढा चघळत म्हणाल्या.

"लांब तर लांब. सुई टोचून घेताना कुणी विचारतं का, कुठं शिकलात म्हणून?"

संध्याकाळी आजी-नात दोघी कपडे घ्यायला निघाल्या. तिकडं ऊन फार, सुती ड्रेस हवेत. दुकानात ओवीनं एक पिवळाधमक आणि एक जांभळा काढला. अनसूयाबाईंना दोन्ही मुळीच आवडले नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "बांधा हेच." जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या पसंतीला नावं ठेवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते तितकंसं जड गेलं नाही.