आठ बैलांच्या जोड्या

संगमेश्वर सरांच्या नोट्सवर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं अर्धं दुकान चालायचं. बावीस वर्षं तीच वही, तीच उदाहरणं, विनोदसुद्धा तेच. सरांनी सांगायचं, पोरांनी उतरवायचं, परीक्षेत तसंच्या तसं ओकायचं. नांदेडात त्यांचा एकही विद्यार्थी बीजगणितात नापास होत नव्हता, आणि सरांना त्याची मोठी घमेंड.

ऑगस्टात मुखेडहून एसटीनं येणाऱ्या दीपमालानं हात वर केला. फळ्यावर नऊ घटकांचा ग्रूप होता, तीन-तीनच्या दोन ग्रूपांच्या गुणाकारातून बनलेला. त्यात शून्य धरून तीन घटकांचे सबग्रूप, म्हणजे पोटातले छोटे ग्रूप, किती, असा प्रश्न. सरांनी वहीतून वाचलं, "शून्य वगळून आठ घटक, प्रत्येकापासून एक सबग्रूप. उत्तर आठ."

"सर, एकेक सबग्रूप दोनदा मोजून राहिलो की आपण," दीपमाला म्हणाली. "शून्य सोडलं तर परत्येकात दोघं दोघं हायेत. आठ बैल असले तर जोड्या चारच व्हतेत ना?"

वही खरी की पोरगी खरी, हे तपासायला दोन मिनिटं पुरली असती. पण सरांचा पारा चढला.

"बाई, हा मुखेडचा बैलबाजार न्हाई, एम.एस्सी.चा वर्ग हाय!"

वर्ग खो खो हसला, तसे सरही हसले. त्या दिवसापासून पोरं दीपमालाला 'बैलजोडी' म्हणू लागली. तिचा हात पुन्हा वर आला नाही.

दिवाळीआधीच्या चाचणीत सरांनी सवयीनं तोच प्रश्न घातला. एकतीस पेपर. तीस जणांनी आठ लिहिलं होतं, सरांनी न बघता मार्क दिले. एकतिसावा पेपर दीपमालाचा. तिनं समासात पेन्सिलीनं आठही घटक जोडीजोडीनं मांडले होते, खाली 'चार' लिहिलं होतं. मग त्यावर काट मारून शाईनं ठळक 'आठ'.

सरांनी स्वतः जोड्या लावून पाहिल्या. एक-दोनची दुप्पट केली की दोन-एक, म्हणजे दोघं एकाच सबग्रूपातले. पुन्हा मोजलं. चारच. त्यांची कानशिलं तापली. पुढच्या वर्षी वहीत गुपचूप दुरुस्ती करावी, कुणाला पत्ता लागणार नाही, असंही क्षणभर मनात आलं आणि त्या विचाराचीच जास्त लाज वाटली. गणित कुणाचंही चुकतं. पण या पोरीला उत्तर येत होतं, आणि ते तिनं सरांच्या धाकानं खोडलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात येताच ते म्हणाले, "दीपमाला, ऊठ. त्या ग्रूपात तीन घटकांचे सबग्रूप किती?"

ती ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली. "आठ, सर."

"तुला काय वाटतं ते सांग."

"तुम्ही सांगितलं तेच, सर."

मागच्या बाकावर कुणीतरी हळूच बैलासारखं हंबरलं. सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"चार आहेत," ते म्हणाले. "ही बरोबर होती. मी चुकलो. चुकलो ते चुकलो, वर हिलाच हसलो."

तीस माना खाली गेल्या आणि पोरांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

दीपमाला तेवढी उभी होती. आता हसू कुठून फुटतंय, याची वाट बघत तिनं एकदा मागं पाहिलं, एकदा सरांकडं.

"बसू का, सर?" तिनं विचारलं.