सरावाच्या कागदावर सही

"सही कशाला, मॅडम?" हिशेब शाखेतल्या मिशीवाल्याने विचारले आणि पेन बंद करून खिशाला अडकवले.

"तंटा मिटला ना तुमचा? मग करारनाम्याखाली सही करायची," मी म्हटले.

"मिटला. पण तो सरावाचा."

"मग सहीही सरावाचीच करा."

"कागद तर खराच आहे ना!"

त्याच्या शेजारच्या चौघांनी माना डोलावल्या. आपल्या मनातले कोणीतरी बोलले, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते.

प्रशिक्षणाचा दुसरा आणि शेवटचा दिवस होता, जेवणानंतरची वेळ. आमच्या सरकारी खात्याच्या वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या कंत्राट आणि हिशेब शाखांमधून बावीस जण आले होते, कारकून, कनिष्ठ अभियंते आणि हिशेबनीस. कंत्राटदाराशी वाद झाला की ऊठसूट कोर्टात न जाता समोरासमोर बसून, मध्यस्थ नेमून तो कसा मिटवायचा, हे मी त्यांना शिकवत होते. त्याच खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडले होते.

सरावासाठी मी एक तंटा रचून दिला होता. पाण्याच्या टाकीचा पाया खणताना खडक लागला, काम आठ महिने रखडले, दोष कोणाचा? एका टेबलावर खाते, दुसऱ्यावर कंत्राटदार आणि मध्ये मध्यस्थ म्हणून मिशीवाला. आणि खरे सांगते, मंडळींनी कमाल केली. आधी यथेच्छ भांडले, मग जमिनीची तपासणी नीट झाली नव्हती हे खात्याने कबूल केले, यंत्र उशिरा आणले हे कंत्राटदाराने कबूल केले, आणि चाळिसाव्या मिनिटाला टाकीचे काम मार्गी लागले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

मग तो कागद सहीसाठी फिरवला. बावीस जणांच्या हातांतून जाऊन तो माझ्याकडे परत आला, तेव्हा तळाशी एवढेच लिहिलेले होते, 'चर्चा झाली. वरिष्ठांच्या मार्गदर्शनार्थ सादर.' त्याच्याखालीसुद्धा सही नव्हती.

माझे डोकेच फिरले. "अहो, कोण वरिष्ठ? इथे मीच वरिष्ठ! आणि ती टाकी अस्तित्वात नाही, मी ती घरी भाजी निवडता निवडता तयार केलीय!"

सगळे हसले. पेन मात्र एकाचेही उघडले नाही.

"रागावू नका, मॅडम," मिशीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "कोर्टात हरलो तर काय होतं? कोर्टाचा हुकूम होतो. कोणाचं नाव येत नाही. पण मिटवलं, की विचारतात, का मिटवलंस? तुझं काय होतं त्यात? मग जन्मभर उत्तरं देत बसा."

तो खरे बोलत होता, म्हणून तर मला जास्त चीड आली. आमच्या खात्यात हरायला कोणाची सही लागत नाही, मिटवायला लागते. मी मुकाट्याने पडद्यावर पुढचे पान आणले. 'सद्हेतूने घेतलेल्या निर्णयास नियमांचे संरक्षण आहे.' मोठ्याने वाचले, आणि चहाची सुट्टी दिली.

चहाच्या खोलीत शेवटच्या रांगेतली अभियंता माझ्याजवळ आली. पस्तिशीची असेल. दोन दिवस तिने तोंड उघडले नव्हते. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत फुगलेली फाईल.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत?"

"बोल ना."

"आमच्याकडे एक खरं प्रकरण आहे. हॉस्पिटलची लिफ्ट. लिफ्टसाठी जी जागा बांधून दिली ती चार इंच अरुंद निघाली. आम्ही म्हणतो, कंत्राटदारानं आधी मोजायला हवी होती. तो म्हणतो, तुमचा नकाशाच चुकला. चार वर्षं झाली. कोर्टात नुसत्या तारखा पडतायत."

"आणि चूक कोणाची?"

"दोघांची," ती लगेच म्हणाली. "मी स्वतः मोजलंय. म्हातारा माणूस आहे तो, मला म्हणाला, भिंत सरकवून द्या, मी सहा महिन्यांत लिफ्ट चालू करतो. फक्त माझ्या नावापुढचा कामचुकार हा शेरा काढा. एवढंच मागतो हो तो! बाळंतपणाचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे, मॅडम. कळा सुरू झालेल्या बायका जिना चढतात. थांबत थांबत." तिने फाईलवर हात ठेवला. "तडजोडीची टिपणी लिहू का मी?"

"नियमांचं संरक्षण आहे," मी म्हटले.

"ते आत्ता पडद्यावर वाचलं." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "तुम्ही कधी केलीय का अशी सही?"

मला नेमताना संस्थेच्या संचालकांनी हळूच सांगितले होते, 'तुमचं ते प्रकरण वर्गात काढू नका हं, लोक बिचकतात.' त्यामुळे कोणी विचारलेच तर मी 'बरीच प्रकरणं मिटवली' असे ठोकून देत असे. या पोरीसमोर ते तोंडातून निघेना.

"एकदाच," मी म्हटले. "एका वस्तीच्या नळाचं काम अडलं होतं. मी सही केली. दोन महिन्यांत नळाला पाणी आलं, तिसऱ्या महिन्यात माझी चौकशी लागली. पाच वर्षं आठ महिने चालली. निर्दोष सुटले, निवृत्तीला सत्तर दिवस राहिले असताना."

"आणि बढती?"

"माझ्या हाताखाली टिपणी लिहायला शिकलेला माणूस माझा साहेब झाला. अजून पेन्शनच्या कामाला कचेरीत गेले, की कोणीतरी म्हणतंच, आल्या तडजोडबाई. घरी आमचे हे म्हणतात, तुला नसती उठाठेव कोणी सांगितली होती?"

कपातला चहा तिने प्यायलाच नाही.

"म्हणजे नको लिहू?"

मला तिचा राग आला. हा प्रश्न माझ्यावर कशाला टाकतेस, असे ओरडावेसे वाटले. "घरी कोण कोण आहे?" मी विचारले.

"सासूबाई आणि दोन मुली. यांची नोकरी फिरतीची."

'नको लिहूस' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. कोणत्याही शहाण्या बाईने तेच सांगितले असते. ती उत्तराची वाट बघत उभी होती आणि मला ते सांगवेना.

"काढ फाईल," मी म्हटले.

सभागृहात संचालकांच्या हस्ते प्रमाणपत्रे वाटली जात होती, तेव्हा आम्ही दोघी चहाच्या खोलीत कपबशा सरकवून बसलो होतो. दोन्ही पक्षांनी एकत्र मोजणी करायची आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. म्हाताऱ्याशी तोंडी बोलायचे नाही, त्याच्याकडून लेखी घ्यायचे. तडजोड का करू नये, हेसुद्धा स्वतःच्याच हाताने लिहायचे, म्हणजे काही लपवले असे कोणी म्हणणार नाही. मी सांगत होते, ती लिहीत होती, खोडत होती. मध्येच ती म्हणाली, "हे वर्गात का नाही शिकवलंत?" मी पुढचा मुद्दा सांगायला घेतला.

"एवढं सगळं करूनही व्हायचं ते होईल," मी शेवटी म्हटले. "तो संरक्षणाचा नियम माझ्या वेळीही होता."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि फाईल पिशवीत घातली.

संध्याकाळी मी अभिप्रायाचे कागद चाळले. प्रशिक्षण सगळ्यांनाच 'अत्यंत उपयुक्त' वाटले होते. नावाची जागा एकवीस जणांनी कोरी सोडली होती. बाविसाव्यावर नाव, हुद्दा, तारीख आणि खाली ठसठशीत सही होती. सूचनेच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'दुसऱ्या दिवसाचा चहा गार होता.'

दोन महिन्यांनी, दुपारी, तिचा फोन आला.

"मॅडम, टिपणी वर गेली होती."

"मग?"

"साहेबांचा शेरा आलाय. न्यायालयाच्या निर्णयाची वाट पाहावी. आणि माझी बदली झाली, भांडार शाखेत. फर्निचर मोजायला."

मी साहेबांना दोन शिव्या हासडल्या. मग माझ्या तोंडून निघून गेले, "तुला मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"असं नका म्हणू हो," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आज कामाचा ताबा द्यायला हॉस्पिटलात आले होते. निघताना बघितलं, एका बाईला खुर्चीत बसवून वर नेत होते. तिला उभंच राहवत नव्हतं. खुर्ची धरायला तिघंच होते. चौथा पाय मी धरला."

"अगं, तू?"

"दोन मजले, मॅडम. वळणावर एकदा टेकवली. हाताला रग लागली." ती थांबली. फोनमध्ये कुठेतरी एक घंटी वाजत होती, माणसे बोलत होती. "ती बाई सारखी म्हणत होती, माफ करा हं ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास. एवढ्या कळांत, मॅडम. माझी माफी मागत होती ती."

मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.